तारेचा शेवटचा खांब

वीज घाट चढून इथवर यायची
आणि थांबायची.
पुढे दौंडाकडे रूळ होते, सिग्नल होते, ऊस होता,
तार नव्हती.
संगम पुलावरून आलेली तांब्याची रेघ
मालधक्का ओलांडून घोरपडीच्या अंगाला
एका खांबापाशी संपायची.
तिच्या टोकाला लोखंडी वजनं लोंबायची
भाकरीच्या चवडीसारखी, एकावर एक,
तार सैल पडू नये म्हणून.

त्या खांबाला पाटी होती. पिवळ्यावर काळी अक्षरं:
विजेचे इंजिन येथून पुढे नाही.

माझे वडील, गुलाब मुलाणी,
त्या पाटीच्या अलीकडचे.
हुद्दा कागदावर लांबलचक,
काम एवढंच: इंजिन आणि डब्याच्या मध्ये वाकून शिरायचं,
कपलिंग सोडायचं, बाहेर येऊन हात वर करायचा.
मुंबईचं इंजिन मोकळं होऊन बाजूला व्हायचं
आणि दौंडाच्या बाजूनं धूर मागं मागं येत टेकायचा,
आधी कोळशाचा,
मी शाळेत जाईपर्यंत डिझेलचा.
पुन्हा वाकायचं. पुन्हा कपलिंग.
सतरा मिनिटं.

आमच्या घरात ते माप होतं.
आई म्हणायची, भात अजून अर्धं इंजिन शिजू दे.
धाकटीला फणफणून ताप चढला, उतरला,
दोन इंजिनं.
शेजारच्या सेल्वीअक्कानं नवऱ्याशी अबोला धरला
तो मोजायला मात्र मालगाड्या लागल्या.

त्या सतरा मिनिटांत कुणी नळाखाली डोकं धरायचं,
कुणी घडी घातलेलं पत्र पुन्हा उघडायचं.
गुलबर्ग्याच्या एका बाईनं पोराचं नाव
फलाटावर, वडिलांना विचारून, ठरवलं.
काय ठरवलं ते वडील विसरले.
आजोबा सांगायचे त्याच्याही आधीचं:
पलीकडे मिरजेची छोटी लाईन,
रूळ अरुंद, डबे अरुंद,
तिच्यातून उतरलेला माणूस
आधी मोठ्या गाडीकडे मान वर करून बघायचा,
मग हातातल्या गाठोड्याकडे.

पुढे तारेतला करंटच बदलला.
जुनी इंजिनं, बुटकी, खेकड्यासारखी,
भंगाराच्या ओळीत जाऊन उभी राहिली.
आमची तार जन्मभर मुकी होती,
आता खाली उभं राहिलं की गुणगुणते.
वडिलांना तिचा राग आला, कारण सांगेनात.
आणि खांब पुढे चालू लागले:
हडपसर, लोणी, उरुळी, यवत.

पहिली विजेची गाडी थेट पुढे गेली
त्या दिवशी ते फाटकाशी घड्याळ घेऊन उभे होते.
पाच मिनिटं थांबली, म्हणाले. बारा वाचली.
पुढल्या महिन्यात पेन्शनच्या खिडकीवर
त्यांनी दाभाडकर क्लार्कला विचारलं,
ही वाचलेली मिनिटं
कुठल्या खात्यात जमा होतात?
दाभाडकर हसला नाही.
त्यानं आधार कार्डाची झेरॉक्स मागितली.

गेल्या बुधवारी जुन्या बाजारात,
मिक्सरची भांडी, कुलपं, एकेकट्या चपला,
त्यात ती पाटी.
चारशे, विकणारा म्हणाला.
वडील म्हणाले, हिच्यासमोर तीस वर्षं वाकलोय मी,
दीडशे घे.
वाकलात ते तुमचं, चाचा.
लोखंडाचं वजन वेगळं.

अडीचशेला आली.
आता मोरीतल्या पिंपावर झाकण आहे.
पाणी पहाटे साडेपाचला येतं.
आई पाटी उचलते, नळी सोडते,
पिंप भरलं की अक्षरं खाली करून ठेवते,
वर तांब्या ठेवायला बरं पडतं म्हणून.
वडील उठतात,
तांब्या बाजूला करतात
आणि पाटी उलटी करतात.